श्रीलंकेला यात्रेकरू म्हणून जायचं असेल तर

श्रीलंकेचं कुठलंही सहलीचं पॅकेज उघडून बघा. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, बेंतोटाचा किनारा, मसाल्याची बाग आणि रत्नांचं दुकान. अनुराधपूर, लंकेची प्राचीन राजधानी आणि बौद्ध यात्रेचं मोठं ठिकाण, त्यात बहुतेक वेळा नसतंच, असलं तर भर दुपारी दोन-तीन तास. तेव्हा फरशी तापलेली असते आणि पूजेला आलेली माणसं घरी गेलेली असतात. दगड-विटा दिसतात, फोटो निघतात आणि बस पुढे जाते.

हा देश बघायचा तर हिशेब उलटा मांडावा लागतो: आधी तिथी, मग पूजेची वेळ, आणि सगळ्यात शेवटी ठिकाण. ठिकाणं कमी ठेवा, मुक्काम लांबवा. नऊ-दहा दिवस हाताशी असतील तर अनुराधपूरला तीन रात्री, दंबुल्ल किंवा पोलोन्नरुवला एक-दोन, कँडीला तीन आणि हंगाम असेल तर श्रीपाद या यात्रेच्या डोंगरासाठी दोन दिवस. सिगिरिया गाळला तरी यात्रेत काही उणं राहत नाही, असं माझं मत आहे. तो राजाचा किल्ला आहे, सुंदर आहे, पण तो दुसऱ्या सहलीचा विषय.

तिथी आधी, तिकीट नंतर

श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूची विक्री बंद, मांसाची दुकानं बंद. पांढरे कपडे घातलेली माणसं पहाटेपासून विहारांकडे निघतात. पर्यटक कंपन्या हा दिवस टाळायला सांगतात, तुम्ही मुद्दाम तोच पकडा.

आपल्याला हे पंचांग नवं नाही. त्यांचा वेसक म्हणजे आपली वैशाख पौर्णिमा. पोसोन म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा, अशोकाचा मुलगा महिंद लंकेत आला तो दिवस. एसला आषाढातली, उंदुवप मार्गशीर्षातली. महिंदाच्या बहिणीने, संघमित्तेने, बोधिवृक्षाची फांदी आणली ती उंदुवपला, असं परंपरा सांगते. पौषातल्या दुरुतु पोयाला कोलंबोजवळच्या केलणियात मिरवणूक निघते, माघातल्या नवम पोयाला कोलंबोच्या गंगारामय विहाराची. मात्र अधिक महिना आला की हा मेळ चुकतो, एरवीही एखाद्या दिवसाचा फरक पडतो. म्हणून घरच्या कॅलेंडरवर विसंबून विमानाचं तिकीट काढू नका, श्रीलंकेची सरकारी सुट्ट्यांची यादी बघा.

कुठला पोया निवडायचा? गर्दी सोसत असेल तर पोसोन, अनुराधपूर आणि मिहिंतले. लाखोंनी लोक येतात, राहायला जागा मिळणं कठीण, पण तो सोहळा दुसरीकडे नाही. वेसक कोलंबोत करावा: घरोघरी कागदी आकाशकंदील, चौकाचौकात जातककथा दाखवणारी दिव्यांची तोरणं, आणि दन्सल. दन्सल म्हणजे रस्त्यावरचं अन्नछत्र. पोरं झेंडे हलवत गाड्या अडवतात आणि भात, आइस्क्रीम, कॉफी, उकडलेला मका, जे असेल ते हातात देतात. सहा डिसेंबरला दादरला गेलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. पैसे काढू नका, त्यांना वाईट वाटतं. रांगेत उभं राहा आणि खा.

पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर वेसक-पोसोन सोडून एखादा साधा पोया निवडा. जानेवारी ते मार्चमधला असेल तर श्रीपादचा हंगामही साधतो.

कागद, पैसे, कपडे

हे पटकन उरकू. भारतीयांना निघण्याआधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, लागतं. शुल्क आणि सवलती बदलत राहतात, तेव्हा फक्त सरकारी संकेतस्थळच वापरा. हुबेहूब तसंच दिसणारी, जास्त पैसे घेणारी दलालांची पानं बरीच आहेत. मुंबईहून कोलंबोचं थेट विमान अडीच तासांच्या आसपास घेतं. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवला परदेशी पर्यटकांचं तिकीट डॉलरमध्ये असतं, पण सार्क देशांच्या नागरिकांना मोठी सवलत मिळते. ती खिडकीवर पासपोर्ट दाखवल्यावरच मिळते, त्यामुळे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरू नका. सुट्या नोटा जवळ असू द्या, चप्पल सांभाळणाऱ्यापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या लागतात.

कपडे पांढरे, सैल, खांदे आणि गुडघे झाकणारे. पांढरंच हवं अशी सक्ती परदेशी माणसावर नाही, पण पांढऱ्यात गेलात की वागणूक बदलते. आजीबाई बाजूला सरकून बसायला जागा देतात. विहाराच्या आवारात चप्पल आणि टोपी दोन्ही काढायची. दुपारी फरशी आणि वाळू अक्षरशः पोळते, पातळ मोजे चालतात.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. हा नियम तिथे फार गांभीर्याने घेतात. अंगावर बुद्धाचं टॅटू असेल तर ते झाकून ठेवा. त्यावरून परदेशी पर्यटकांना देशाबाहेर काढल्याचं उदाहरण आहे.

जे आपल्याला आधीच येतं

मराठी माणसाकडे इथे एक मोठी सोय आहे आणि बहुतेकांच्या ती लक्षातच येत नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्तीत जी वंदना रोज होते, तीच पालीतली वंदना श्रीलंकेच्या विहारात होते. नमो तस्स भगवतो, त्रिशरण, पंचशील, सगळं तेच. चाल वेगळी, सिंहली लोक शब्द जरा लांबवतात, पण दोन ओळींत सूर सापडतो. सिंहलीचा एक शब्द येत नसला तरी तुम्ही त्यांच्यात बसून पूर्ण वंदना म्हणू शकता. फुलं वाहताना ते ‘वण्णगन्धगुणोपेतं’ म्हणतात. त्यातच पुढे येतं, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे’: हे फूल जसं कोमेजतं तशीच ही काया. पाठ नसेल तर जाण्याआधी करा. कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

नातंही जुनं आहे. दीक्षाभूमीवर फडकतो तो पंचरंगी ध्वज कोलंबोत १८८५ साली तयार झाला. आणि जागतिक बौद्ध भ्रातृसंघाच्या १९५० च्या पहिल्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेला गेले होते, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराआधी सहा वर्षं. लोक कसे वंदना करतात, विहार कसे चालतात, हे त्यांना स्वतः बघायचं होतं.

आवारात विष्णूचं देवालय दिसलं तर गोंधळू नका. श्रीलंकेत विष्णू, कतरगम, नाथ, पत्तिनी हे रक्षक देव मानतात आणि त्यांची देवालयं बऱ्याच विहारांना लागून असतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाला हे खटकतं, आणि खटकणं साहजिक आहे. देवालयाची इमारत वेगळी असते, तिकडे नाही गेलात तरी कुणी विचारत नाही. तिथल्या यजमानाशी त्यावर वाद मात्र घालू नका.

अनुराधपूर: तीन रात्री

कोलंबोहून दोनशे किलोमीटर, रेल्वे आणि बस दोन्ही आहेत. गावात सायकल भाड्याने मिळते आणि तीच घ्यावी, कारण अवशेष काही किलोमीटरभर पसरलेत आणि झाडांची सावली भरपूर आहे.

पहिल्या संध्याकाळी काहीही ‘बघू’ नका. पाचच्या सुमारास जय श्री महाबोधीच्या दारात जा. वाटेवर फुलांची दुकानं असतात; निळी किंवा जांभळी कुमुदिनी (तिथे निल मानेल म्हणतात) किंवा कमळ घ्या. फूलवाली कमळाच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडते आणि कळीचं ताट होतं. ती हे बोलता बोलता, न बघता करते. शिकवा म्हटलं तर आनंदाने शिकवते. फुलांचा वास घेऊ नका: वाहण्याआधी हुंगलेलं फूल चालत नाही, हे आपल्याकडचंच. आणि फुलं छातीशी धरा, वानरं टपलेली असतात.

हा पिंपळ बुद्धगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढला. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी संघमित्ता ती फांदी घेऊन आली. लागवडीचा काळ नोंदलेला असा माणसाने लावलेला जगातला सगळ्यात जुना वृक्ष म्हणून याचं नाव घेतलं जातं. प्रत्यक्षात पहिल्या नजरेत निराशाच होते. सोनेरी कठड्याआड, टेकूंवर पेललेली बारीकशी फांदी, आणि भोवती तिच्या रक्षणासाठी लावलेले दुसरे मोठे पिंपळ. झाडाला हात लावता येत नाही. पण खाली वाळूत बसलेल्या बायकांकडे बघा. एखादं पान गळून खाली आलं की हलकी धावपळ होते. ज्याच्या हाती लागतं तो ते कपाळाला लावून वहीत ठेवतो. एक-दीड तास तिथे बसा. पूजेला ढोल आणि होरणाव (आपल्या सनईची बहीण) वाजू लागतात तेव्हा उठून बाजूला व्हा, वाट द्या.

अंधार पडला की तिथून चालत रुवन्वेलिसायकडे. दुट्ठगामणी राजाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतलेला हा पांढरा स्तूप, शंभर मीटरहून उंच. स्तूपाला तिथे दागोबा म्हणतात. रात्री त्यावर प्रकाश सोडलेला असतो आणि फरशी गार झालेली असते. नशीब असेल तर कप्रुक पूजा दिसेल: कापडाची लांबच लांब पट्टी शे-दीडशे माणसं डोक्यावर धरून स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, पुढे ढोल, मागे ‘साधु साधु साधु’. कुणीतरी खुणेने तुम्हालाही कापड धरायला बोलावतं. कॅमेरा खिशात टाका आणि धरा.

दुसरा दिवस अवशेषांचा. सकाळी सहाला निघा, साडेदहाला परत. थूपाराम हा लंकेतला पहिला स्तूप मानतात. जेतवनराम मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता, प्राचीन जगात गीझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्याहून उंच काही नव्हतं. तोही सगळा भाजक्या विटांचा. मात्र वेळ द्यायचा तो अभयगिरी विहाराला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भिक्खू फाहियान इथे दोन वर्षं राहिला. बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पांढरा रेशमी पंखा दिसला आणि घरच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथली समाधी मूर्ती सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. समोर, उजवीकडून, डावीकडून असं तीनदा बघायचं. चेहऱ्यावरचा भाव दर बाजूने बदलतो, असं स्थानिक लोक सांगतात.

तिसऱ्या दिवशी मिहिंतले, तेरा किलोमीटरवर. अशोकाचा मुलगा महिंद इथे राजा देवानंपिय तिस्साला भेटला. राजा शिकारीला निघाला होता. महिंदाने त्याला धम्म सांगण्याआधी आंब्याच्या झाडावरून प्रश्न विचारले. हे कुठलं झाड? आंब्याचं. याशिवाय दुसरे आंबे आहेत? पुष्कळ. आंबे सोडून दुसरी झाडं? तीही पुष्कळ. मग ते सगळे आंबे आणि ती सगळी झाडं सोडली तर उरतं काय? राजा म्हणाला, हे समोरचं आंब्याचं झाड. तेव्हा महिंदाला खात्री पटली की या माणसाशी बोलता येईल. ही गोष्ट अंबस्थल स्तूपापाशी बसून आठवा. १८४० पायऱ्या आहेत, पण रुंद आणि सावलीतल्या. वरच्या वाहनतळापर्यंत गाडीही जाते. आराधना गल नावाच्या खडकावर लोखंडी कठडा धरून चढावं लागतं. वर वारा जोरात असतो, लहान मुलांना सांभाळा.

वाटेवरची तीन ठिकाणं

पोलोन्नरुवला गल विहार हेच मुख्य. बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूच्या काळात एकाच कातळात कोरलेल्या मूर्ती. महापरिनिर्वाणाची मूर्ती चौदा मीटर लांब. डोक्याखालची उशी जवळून बघा, डोक्याच्या भाराने दगडाची उशी दबलेली दाखवलीय. पावलंही किंचित मागेपुढे आहेत. विश्रांती घेणाऱ्या बुद्धाची पावलं एका रेषेत दाखवतात, महापरिनिर्वाणात नाहीत. अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात बसून आलेल्याला दोन शिल्पकारांची पद्धत ताडून बघता येईल.

दंबुल्लची पाच लेणी छतापर्यंत रंगवलेली आहेत. राज्य गेलं तेव्हा वट्टगामणी राजा इथे लपला होता. त्याच्याच काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्धात पाठांतर करणारे भिक्खू मरत चालले म्हणून तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा ग्रंथसंग्रह, पहिल्यांदा लिहून काढलं गेलं. ते झालं दंबुल्ल-कँडी रस्त्यावर, मातलेजवळच्या आलुविहारात. ड्रायव्हर तिथे थांबत नाहीत, तुम्ही सांगा. छोटंसं ठिकाण आहे. ताडपत्रावर लेखणीने कोरून दाखवतात. कोरलं तेव्हा काहीच दिसत नाही, फक्त खरखर ऐकू येते. मग वरून काळं तेल चोळून पुसून काढलं की अक्षरं एकदम उमटतात. आपण जी वंदना म्हणतो ती कागदावर येण्याचा हा पहिला टप्पा. माझ्या लेखी सिगिरियापेक्षा या अर्ध्या तासाचं मोल जास्त आहे.

कँडी: दात दिसत नाही

आधीच सांगितलेलं बरं. श्री दळदा मालिगावा या मंदिरात बुद्धाचा दंतधातू, म्हणजे दात, आहे, पण तो एरवी कुणाला दिसत नाही. दिसते ती सोन्याची करंडकी, तीही पूजेच्या वेळी आणि काही सेकंद. रोज तीन पूजा: पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. संध्याकाळी पर्यटकांची झुंबड असते. पहाटेची धरा. खाली ढोल घुमत असतो, वर माणसं फुलांचं ताट घेऊन शांत उभी असतात. बुधवारी सकाळी सुगंधी पाण्याने अभिषेकाचा विधी असतो आणि ते पाणी नंतर लोकांना वाटतात. जमलं तर बुधवार कँडीत आणा.

जुलै-ऑगस्टमधला एसला पेरहर हा दहा रात्रींचा मोठा उत्सव. ढोलवाले, कँडीचे नर्तक, सजवलेले हत्ती. डोळे दिपतात. साखळदंड घातलेले हत्ती तासन्‌तास आगीच्या मशालींमधून चालताना बघणं मला जड जातं. ज्याने त्याने ठरवावं.

एक दिवस सिल, एक दिवस दान

पोयाला गावातल्या साध्या विहारात सिल घेता येतं. आपल्याकडे वर्षावासात अष्टशील पाळतात तेच. पहाटे सहाच्या सुमारास भिक्खू आठ शीलं देतात, संध्याकाळी सहापर्यंत तिथेच राहायचं. दुपारनंतर जेवण नाही; मधल्या वेळात प्रवचन, ध्यान, बोधिवृक्षाला पाणी. पर्यटकांसाठी हे कुठे विकत मिळत नाही आणि मिळू नये. आदल्या दिवशी गेस्ट हाउसच्या मालकिणीला सांगा, ‘मलाही यायचंय.’ बहुतेक वेळा ती स्वतःच्या कपाटातले पांढरे कपडे काढून देते.

भिक्खूंना जेवण द्यायची इच्छा असेल तर तेही आधी ठरवावं लागतं, कारण विहारात घरांच्या पाळ्या लागलेल्या असतात. दान दुपारी बाराच्या आत. वस्तू दोन्ही हातांनी, वाकून. भिक्खूंना ‘हामुदुरुवने’ म्हणतात. त्यांच्यापेक्षा खालच्या आसनावर बसायचं, बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही. काय न्यावं हे विहारातच विचारा. साबण, टूथपेस्ट, वह्या यांची गरज सजवलेल्या पाकिटापेक्षा जास्त असते.

ध्यानासाठी थांबायचं असेल तर कँडीजवळ दोन सोयी आहेत. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेलं असेल तर पेरादेणियाजवळच्या धम्म कूटला तीच पद्धत, तेच नियम. नवख्याला निलंबे ध्यान केंद्र बरं, चहाच्या मळ्यांवर, साधं, वाहनांपासून दूर. दोन्हीकडे नोंदणी आधी करा.

श्रीपाद

२२४३ मीटर. हंगाम डिसेंबरच्या उंदुवप पोयापासून वेसकपर्यंत. एरवी वाटेवरचे दिवे बंद, टपऱ्या बंद आणि जळवा भरपूर. कँडीहून रेल्वेने हॅटन, तिथून बसने नल्लतन्निया. जोरदार पावसानंतर डोंगरातली रेल्वे बंद पडते, आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा.

रात्री दोनला निघालात तर सूर्योदयाला वर पोहोचता. साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या. सह्याद्रीत दर रविवारी किल्ले चढणाऱ्यांनी फुशारकी मारू नये: ही पायवाट नाही, काँक्रीटच्या उंच पायऱ्या आहेत, आणि उतरताना गुडघे पाणी मागतात. शनिवार-पोया टाळा, नाहीतर शेवटच्या टप्प्यात दोन-तीन तास रांगेत थंडीत उभं राहावं लागेल. वर जोराचा वारा, म्हणून स्वेटर आणि कानटोपी पाठीवर.

वाटेत इंदिकटुपान नावाचं ठिकाण लागतं, तिथे पहिल्यांदा येणारे सुईत दोरा ओवून तो झाडाझुडपांवरून पुढे सोडत जातात. सगळा उतार पांढऱ्या दोऱ्यांनी विणलेला दिसतो. खाली येणारे वर जाणाऱ्यांना ‘करुणावयि’ म्हणतात, तुम्हीही म्हणा. पंचाहत्तरीच्या आज्या अनवाणी, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, पायरीला थांबत थांबत चढताना दिसतील. शिखरावरचं पाऊल बौद्धांसाठी बुद्धाचं, हिंदूंसाठी शिवाचं, मुसलमान आणि ख्रिश्चनांसाठी आदमचं. ते झाकलेलं असतं, वरचा दगड तेवढा दिसतो. शेजारी घंटा आहे. जितक्या वेळा तुम्ही वर आलात तितके टोल द्यायचे. पहिल्यांदा आलेल्याने एकच. उजाडताना पूर्वेकडे सगळे बघत असतात, तेव्हा मागे वळा. डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेच्या धुक्यावर पडलेली असते आणि मिनिटागणिक आखडत जाते.

खाणं आणि ठग

शाकाहारी असाल तर एक धोका लक्षात ठेवा. नारळाच्या सांबोलात आणि कित्येक भाज्यांत उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा, असतो आणि तो ‘मासा’ म्हणून कुणी मोजत नाही. ‘मस् एपा, मालु एपा, उंबलकड एपा’ (मांस नको, मासे नको, उंबलकड नको) एवढं पाठ करा. सकाळी किरिबात (नारळाच्या दुधातला भात) आणि कोला कंद ही पाल्याची पेज, दोन्ही पोटाला हलकी.

कोलंबो आणि कँडीत रस्त्यावर कुणी गोड बोलून ‘आजच विहारात मोठा सोहळा आहे, शेवटचा दिवस’ असं म्हणालं तर हसून पुढे चला. ती रिक्षा रत्नांच्या दुकानात जाते. देणगी विहाराच्या पेटीत टाका किंवा पावती घेऊन द्या. भगवी वस्त्रं घालून फुटपाथवर पैसे मागणाऱ्याच्या हातात नको. जुन्या मूर्ती, ताडपत्रं विकत घेऊ नका, पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

परतीचं विमान रात्रीचं असेल तर शेवटची संध्याकाळ केलणियाला ठेवा. कोलंबोपासून दहा-अकरा किलोमीटर. आत सोलियस मेंडिस यांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. संघमित्ता फांदी घेऊन जहाजातून उतरते आणि राजा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ती घेतो, ते चित्र शोधा. विमानतळ तिथून तासाभराच्या आत येतो, पण संध्याकाळच्या वाहतुकीसाठी दोन तास हाताशी ठेवा.